कपबशीची केबिन

"कपबशी बघितलीस, तारळेकर?" नलवडे अण्णांनी स्टोअरच्या खिडकीत डोकं घालून विचारलं.

मी बघितली होती. फौंड्रीत स्टोअरकीपर झालं की दुसरं काही मिळो न मिळो, खिडकी मिळते. कोण कुठं निघालाय, कुणाच्या हातात काय आहे आणि कुणाच्या तोंडावर काय आहे, सगळं तिथून दिसतं. कॅन्टीनच्या सुशीलाबाई ट्रे घेऊन मागच्या केबिनकडे चालल्या होत्या, ट्रेमध्ये पांढरी कपबशी होती, आणि ओतकामावरची माणसं हातातलं काम सोडून त्या कपबशीकडे बघत होती.

"म्हणजे सुरू झालं," अण्णा म्हणाले. ते ओतकामाचे मुकादम आणि युनियनचे अध्यक्ष. तंबाखू मळल्याशिवाय त्यांना संशय येत नसे, आणि तंबाखू ते दिवसभर मळत.

नवख्या माणसाला यातलं काही कळायचं नाही, म्हणून सांगतो. शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फौंड्रीत चहा ग्लासातून. मजुराला ग्लास, मालकालाही ग्लास. कपबशी एकदाच बाहेर निघाली होती, थोरल्या साहेबांच्या वेळी, मंदीच्या वर्षी. एकेकाला मागच्या केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, कपबशीतून चहा दिला, आईवडिलांची तब्येत विचारली आणि राजीनाम्यावर सही घेतली. त्या केबिनमधून बाहेर पडलेला माणूस पुन्हा गेटवर दिसला नाही. तेव्हापासून आमच्याकडे नोकरी गेली असं कुणी म्हणत नसे, "त्याची कपबशी झाली" म्हणत. बायको घरी गोड बोलायला लागली तरी लोक म्हणायचे, आज कपबशीचं लक्षण दिसतंय.

आता थोरले साहेब थकले होते आणि कारभार धाकट्या साहेबांकडे आला होता. आदल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, दर गुरुवारी सांगलीहून डॉक्टर नेर्लेकर बाई येतील. झोप लागत नसेल, जीव घाबरत असेल, मन लागत नसेल, दारू सुटत नसेल, तर त्यांच्याशी बोला. बोलाल ते त्यांच्यापाशी राहील. कुणाच्या नोकरीला धक्का नाही. मग बाईंना बसवायचं कुठं? शांत जागा हवी. सगळ्यात शांत जागा मागची केबिन. आणि पाहुणी बाई म्हणून कपबशी. मंदीच्या वर्षी धाकटे साहेब पुण्याला शिकत होते, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. आणि आमची माणसं अशी, की वाट चुकलेल्याला चौकापर्यंत सोडून येतील, पण मालकाचा पाय कशात पडलाय ते मालकाला सांगणार नाहीत.

"डॉक्टर आहेत म्हणे," मी म्हणालो.

"कसली?"

"मनाची."

"माझी दाढ वर्षभर ठणकत होती, तवा दाताचा डॉक्टर आणला का ह्यांनी? आणि मनाचा आणत्यात." अण्णांनी तंबाखू ओठात सोडली. "ध्यानात घे. जो आत जाईल तो डोक्यानं अधू. उद्या माणसं कमी करायची वेळ आली की आधी कोण?"

मला ते पटलं. मालक एका हातानं काही देतो तेव्हा त्याचा दुसरा हात कुठं आहे ते मी आधी बघतो. नोकरीत तेवढं एकच शिकलो.

केबिनकडे कुणी फिरकलं नाही. संडासाची वाट केबिनवरून जायची, तर लोक पॅटर्न शॉपला वळसा घालून जायला लागले. बाई आपल्या येत, पेपर वाचत, जात. एकदा त्या माझ्या खिडकीशी आल्या.

"तुम्ही इथले जुने ना? माझ्याकडे कुणी का येत नाही हो?"

"सगळे ठणठणीत आहेत, बाई."

"सगळे?"

"आमच्या हवेत लोखंड असतं. अंगी लागतं."

त्या हसल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. शेवटी मीच म्हणालो, "तुम्ही चहा ग्लासातून मागवत जा."

कारण त्यांनी विचारलं नाही. पुढच्या गुरुवारी ग्लास आला. मला वाटलं, आता तरी थोडं सैल होईल. अण्णा खिडकीत आले. "बघितलंस? ग्लासावर आली. म्हणजे डाव मोठा आहे."

आमच्याकडे सुकुमार मगदूम क्रेनवर होता. भट्टीतलं वितळलेलं लोखंड ज्या भांड्यातून नेतात त्याला आम्ही लॅडल म्हणतो. ते भरलेलं लॅडल वरच्या क्रेनला टांगून साच्यांपर्यंत आणायचं, खाली मुकादमाच्या हाताकडे बघत उतरवायचं आणि ओतू द्यायचं. सुकुमार ते असं आणायचा की लोखंडावर तरंगणारी मळीसुद्धा हलत नसे. शेजारच्या फौंड्रीवाले गणपतीच्या वर्गणीचं निमित्त काढून ते बघायला येत. त्याला स्वतःलाही ते माहीत होतं. जेवायला खाली उतरायचा तेव्हा शिडीवरून असा उतरायचा, जसा काही विमानातून उतरतोय.

एका दुपारी भरलेलं लॅडल साच्यांवर येऊन मध्येच थांबलं. खाली अण्णा आणि त्यांची माणसं उभी होती. अण्णांनी हाका मारल्या. वरून उत्तर नाही. मग लॅडल हललं आणि काम पार पडलं. मोटर अडकली होती, असं अण्णांनीच सगळ्यांना सांगितलं. मी ऐकून घेतलं. क्रेनची मोटर अडकते तेव्हा इलेक्ट्रिशियन माझ्याकडे पळत येतो. त्या दिवशी माझ्याकडून कुणी साधा फ्यूजही नेला नाही.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, सुकुमार शिडीवरून उतरला, कपड्याला हात पुसत ओतकामाच्या सगळ्या शॉपमधून सरळ चालत गेला आणि केबिनमध्ये शिरून दार लावून घेतलं. त्याला बघून एकानं ग्राइंडर बंद केला, ऐकू येतंय का बघायला. सुकुमार बाहेर आला तेव्हा मात्र प्रत्येकाला भरपूर काम होतं.

सोमवारी हुकूम निघाला. क्रेनवर बदली माणूस, सुकुमार मगदूम स्टोअरला.

"घे," अण्णा मला म्हणाले. "गुरुवारी बोलला, सोमवारी उतरला. ह्याच्यापरास कपबशी बरी, ती निदान तोंडावर देत होते."

मी सुकुमारला स्टूल दिलं आणि त्याच्यावर डोळा ठेवला. संशय तीन होते. एक, बाईंनी चुगली केली. दुसरा, साहेबांना त्याला काढायचंच होतं, बाई निमित्त झाल्या. तिसरा माझा खासगी: सुकुमारला माझ्या मालावर नजर ठेवायला धाडलंय. स्टोअरकीपरला घरी आलेला जावईही तपासणीसच वाटतो.

पहिले काही दिवस त्यानं हातमोज्यांच्या जोड्या लावल्या, त्यात दोन दोन डावे हात एकत्र बांधून ठेवले. मी काही बोललो नाही, रात्रपाळीवाल्यांनी बोलून घेतलं. पण एक गोष्ट मला खटकत होती. ज्याची क्रेन काढून घेतली तो माणूस शिव्या का देत नाही? मी त्याला वाट करून दिली. साहेबांना नावं ठेवली, त्यांच्या वडिलांना ठेवली, गाडीलाही ठेवली.

"साहेब वाईट न्हाईत, भाऊ," एवढंच तो म्हणाला आणि भाकरीचा डबा उघडला. डबा रिकामा व्हायचा, हेही मी बघत होतो. क्रेनवर असताना शेवटी शेवटी तो डबा तसाच परत नेत होता, हे मला सुशीलाबाईंकडून कळलं होतं. अन्याय झालेल्या माणसाला इतकी भूक?

त्यात बदली माणूस क्रेनच्या किल्लीसाठी आला. मी खुंटीवर बघितलं तर जोडकिल्ली होती. मूळ किल्ली जमाच झाली नव्हती. क्रेनवरून माणूस उतरवला की किल्ली आधी जमा होते, हा आमचा शिरस्ता. माणसापेक्षा किल्ली महत्त्वाची.

मी विचारणार तेवढ्यात धाकटे साहेब स्टोअरमध्ये आले आणि त्यांच्या मागोमाग अण्णा.

"साहेब, एक विचारतो, इथंच विचारतो. सुकुमारला का उतरवला?"

"तो निर्णय माझा आहे, अण्णा."

"बाईनं सांगितलं न्हवं?"

"बाईंनी मला एक अक्षर सांगितलं नाही."

"मग तुम्हाला सपान पडलं?"

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते माझ्याकडे बघत होते, मुद्दाम माझ्याकडे. "कारण मी सांगणार नाही," ते म्हणाले.

"बघा बरं, तारळेकर, तुम्ही साक्षीदार," अण्णा म्हणाले. चारचौघांत ते मला 'तुम्ही' म्हणत, म्हणजे प्रकरण चिघळलंय असं समजायचं. "येत्या गुरुवारी गेट मीटिंग. ती केबिन बंद, ती बाई बंद, आणि सुकुमार त्याच दिवशी, सगळ्यांच्या देखत, परत क्रेनवर. न्हाईतर भट्टी पेटणार न्हाई."

ते दोघं दोन दारांनी गेले. सुकुमार रॅकमागं उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. आपल्या बाजूनं सगळी फौंड्री उभी राहतेय म्हटल्यावर माणूस फुलतो. हा भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली बसला.

"किल्ली कुठाय?" मी विचारलं.

त्यानं खिशातून काढून दाखवली. "साहेब म्हणाले, तुझ्यापाशीच ठेव. बरं वाटलं की वर जा."

"बरं वाटलं की म्हणजे?"

तो किल्लीकडे बघत बोलायला लागला. "मला कुणी उतरवला न्हाई, भाऊ. मीच म्हटलं, मला खाली घ्या. त्या दिवशी मोटर अडकली नव्हती. मला खाली अण्णा दिसत होते, त्यांचा हात दिसत होता. पण दांडा धरलेला हात माझा आहे का न्हाई तेच कळंना. वाटायला लागलं, हा हात आता काहीतरी करणार. घाम फुटला. महिनाभर झोप न्हवती. बाई म्हणाल्या, औषधानं बरं होतंय, पण तोवर क्रेनवर जायचं का ते तू ठरव. मी साहेबांकडं गेलो. म्हटलं, खाली घ्या, पण मी मागितलं असं कुणाला सांगू नका."

"का पण? लोक साहेबांना शिव्या घालतायत."

"कोअर शॉपचा तो माणूस आठवतोय? मिरजेला जाऊन डोक्याला शॉक घेऊन आला होता. बरा होऊन आला, चांगलं काम केलं. पण रिटायर होईपर्यंत त्याला नाव काय होतं?"

आठवत होतं. 'शॉक'. निरोपाच्या दिवशीसुद्धा कुणीतरी हाक मारली होती, ए शॉक, नारळ घे. त्याच्या डब्यात कुणी हात घालत नसे.

"अन्याय झालेल्या माणसाला लोक चहा पाजत्यात," सुकुमार म्हणाला. "घाबरलेल्या माणसाला कोण पाजतंय?"

"आणि गुरुवारी तुला वर चढवतील, तेव्हा?"

त्यानं किल्ली परत खिशात घातली.

मी साहेबांकडे गेलो. फौंड्रीत इतकी वर्षं काढली, पण न बोलावता त्यांच्या खोलीत तोवर गेलो नव्हतो. त्यांना म्हणालो, "मला कळलंय. गुरुवारी खरं काय ते सांगून मोकळे व्हा. अण्णांचं तोंड बंद होईल."

"शब्द दिलाय."

"मग केबिन बंद पडेल. त्याला क्रेनवर चढावं लागेल."

"चढू देणार नाही. भट्टी बंद राहिली तरी." त्यांनी डोळे चोळले. "तारळेकर, मी एकाचं सांगितलं तर त्या केबिनमध्ये दुसरा येईल का? अण्णा म्हणतात ते मीच खरं करून दाखवल्यासारखं होईल."

बोलणं चांगलं होतं. चांगलं बोलणं ऐकलं की मी सावध होतो. "साहेब, एक विचारू? हे सगळं सुरू कशाला केलंत?"

ते थोडे ओशाळले. "खरं सांगू? जर्मनीचं गिऱ्हाईक तपासणीला आलं होतं. कामगारांच्या मनाचं काय करता, असं त्यांनी विचारलं. मला उत्तर देता येईना. नंतर वाटलं, विचारलं ते बरोबरच आहे. पण सुरुवात त्यांच्यामुळेच."

मला बरं वाटलं. स्वतःचा स्वार्थ सांगणाऱ्या माणसाच्या बाकीच्या गोष्टींवर मी थोडा विश्वास ठेवतो. परत येऊन सुकुमारला सांगितलं, "साहेब तोंड उघडणार नाही. भट्टी बंद पडू देईल, शिव्या खाईल, पण तुझं नाव घेणार नाही." त्या संध्याकाळी त्यानं दोन डाव्यांचे सगळे जोड सोडून पुन्हा नीट बांधले.

गुरुवारी गेटपाशी दोन्ही पाळ्यांची माणसं जमली. अण्णा सिमेंटच्या कट्ट्यावर उभे राहिले. भाषण त्यांना येतं. थोरल्या साहेबांच्या कपबशीपासून धाकट्या साहेबांच्या ग्लासापर्यंत त्यांनी सगळं मांडलं. "दवाखान्याच्या नावाखाली माणसं हेरायचा धंदा आहे हा," ते म्हणाले. साहेब ऑफिसच्या पायरीवर हात मागं बांधून उभे होते. बाई गाडीतच बसून होत्या, कुणी त्यांना आत येऊ दिलं नव्हतं.

"आणि आता," अण्णा म्हणाले, "आपला सुकुमार, आपल्या सगळ्यांच्या देखत, क्रेनवर जाईल. या, मगदूम."

लोकांनी वाट करून दिली. काहींनी पाठीवर थापा दिल्या. सुकुमार कट्ट्यापाशी आला, पण वर चढला नाही.

"मला कुणी उतरवलं न्हाई," तो म्हणाला. "मी उतरलो."

"मोठ्यानं बोल," मागून कुणीतरी म्हणालं.

"मी स्वतः उतरलो. मला झोप लागत न्हाई, हात माझ्या ताब्यात राहत न्हाई. औषध चालू आहे. साहेबांना मीच म्हटलं होतं, कुणाला सांगू नका."

एकजण म्हणाला, "पढवलाय त्याला." दुसरा म्हणाला, "काय कबूल केलंय रे त्यांनी?" संशय इतका जुना होता की खुद्द माणसाच्या तोंडून ऐकूनही जाईना.

सुकुमार अण्णांकडे वळला. "अण्णा, त्या दिवशी मोटर अडकली होती का?"

अण्णा तळहातावरची तंबाखू मळत राहिले.

"तुम्ही खाली होता. माझं तोंड तुम्हाला दिसत होतं. माझं नाव जाऊ नये म्हणून तुम्ही मोटरवर घातलं. बरोबर?"

अण्णांचा मळणारा अंगठा थांबला. ते बघून लोकांना कळलं.

"आता तुम्ही म्हणाल तर चढतो," सुकुमार म्हणाला. "ही किल्ली, खिशातच आहे. फक्त खाली कोण उभं राहणार तेवढं ठरवा."

आधी ज्यानं पाठ थोपटली होती तो बुटाकडे बघत होता. मी माणसं बघत आलोय, पण एवढी माणसं एकदम खाली बघताना तेव्हाच बघितली.

अण्णा कट्ट्यावरून उतरले. "नको चढूस," ते म्हणाले. मग साहेबांकडे न बघता, "पण ती केबिन बंद करा. त्या खोलीत आमचा माणूस जाणार न्हाई. बाई बसू देत दुसरीकडं कुठंतरी."

"कुठं?" साहेबांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे का बघायला लागले, ते मला आजही सांगता येणार नाही. पण स्टोअरला माणूस कशाला गेला हे कुणी विचारत नाही. स्टोअरच्या आतल्या खोलीत रंगाचे डबे होते, ते हलवले. बाई तिथं बसू लागल्या.

पुढचे दोन गुरुवार कुणी आलं नाही. तिसऱ्या गुरुवारी, "पढवलाय त्याला" म्हणणारा तोच माणूस खिडकीशी आला आणि गॉगल मागू लागला. गॉगल त्याच्या कपाळावरच होता. मी म्हणालो, "आतल्या खोलीत आहेत, तुमचे तुम्ही घ्या." तो बराच वेळ शोधत होता. त्यानंतर गुरुवारी गॉगलला गिऱ्हाईक वाढलं. सुकुमारला काही दिवस दोघातिघांनी पाठीमागं 'शॉक' म्हणून बघितलं. अण्णांनी एकाला कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर उभं करून विचारलं, "काय म्हणालास?" पुढं ते नाव चाललं नाही.

अण्णा स्वतः कधी आत गेले नाहीत. बाईंवर त्यांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. खिडकीत येऊन विचारायचे, "आज कोण कोण आलं होतं?" मी म्हणायचो, "गॉगलवाले." ते हसायचे नाहीत.

दिवाळीनंतर एका सकाळी सुकुमारनं स्टूल भिंतीला सरकवलं आणि म्हणाला, "भाऊ, आज जाऊन बघतो."

मी खिडकी सोडून शॉपवर गेलो. माझं तिथं काही काम नव्हतं. साहेबही आले होते, त्यांचंही नव्हतं. सुकुमार शिडी चढला, यावेळी साधासुधा, एकेक पायरी धरून. भट्टीतून लॅडल भरलं. साच्यांपाशी उभं राहायला अण्णांनी कुणाला हाक मारली नाही, दोन माणसं होती त्यांनाही मागं सारलं आणि एकटे जाऊन उभे राहिले.

मग मान वर करून, अख्ख्या शॉपला ऐकू जाईल असं ते म्हणाले, "सुकुमार, वाटलं तर ठेव तिथंच आणि ये खाली. गार झालं तर होऊ दे. लोखंड काय आपल्या बापाचं न्हाई."

ज्यांच्या बापाचं होतं ते माझ्या शेजारीच उभे होते. "होऊ दे गार," धाकटे साहेब म्हणाले, हळूच, पण मला ऐकू आलं.

वरून लॅडल निघालं.